घटपर्णीचा खुराक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गुपचूप काही आणता येत नाही. निवृत्ती चौकात रिक्षातून उतरलं की आमचं दार शंभरेक पावलांवर. तेवढ्यात सात जणांनी विचारलं, "मास्तर, काय आणलंय?" हातात कुंडी आहे, कुंडीत रोप आहे, हे सातही जणांना दिसत होतं. पण पेठेत नुसतं दिसून भागत नाही. पहिल्या तिघांना मी "घटपर्णी" असं पाठ्यपुस्तकी उत्तर दिलं आणि ते पुढे गेले. चौथे आमचे शेजारी आप्पा. ते पुढे जात नाहीत.

"म्हंजे काय करतंय ते?"

"माश्या खातंय."

इथं माझं चुकलं. दुपारी बारा वाजता झाड माश्या खात होतं. दोन वाजता ते पाली खायला लागलं. संध्याकाळी दूध आणायला गेलो तर दूधवाल्यानंच मला विचारलं, "मटण खाणारं झाड आणलंय म्हणं? दिवसाला किती लागतंय?"

आणायचं कारण साधं होतं. आंब्याचे दिवस, तळमजल्याचं घर आणि स्वयंपाकघरात माश्यांची वर्दळ. नर्सरीवाला म्हणाला, "सर, हे एक झाड ठेवा, माशी औषधाला सापडणार नाही." साडेचारशे रुपये मोजले. आता अनुभवानं सांगतो, माश्या कमी व्हाव्यात म्हणून घटपर्णी आणणं म्हणजे पाव्हणे कमी यावेत म्हणून दारात मांडव घालणं. मध तीच पाझरते, वासही तीच सोडते. ज्या माश्यांना आमचं घर ठाऊक नव्हतं त्याही पत्ता शोधत आल्या. तीन आठवड्यांत झाडाच्या खात्यावर जमा झाले चार मुंगळे, थोडी चिलटं आणि माशी एक. तीही वयस्कर असावी.

माणसांची मात्र रीघ लागली. आप्पांच्या घरातल्या वहिनी कुंडीपुढे उकिडव्या बसून म्हणाल्या, "अगं बया, लोटं टांगल्यात की! मी म्हटलो फुलं असतील." (आमच्याकडे बायकाही 'मी म्हटलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याकडच्या वाचकांनी उगाच चक्रावू नये.) वहिनींचं निरीक्षण अचूक होतं. पानाच्या टोकातून सुतळीएवढा तंतू निघतो, तो खाली वळतो आणि त्याला लोटा लटकतो. लोट्यावर झाकण. माझा पुतण्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकतो. त्याच्या म्हणण्यानुसार लोटा हेच खरं पान, आणि ज्याला आपण पान म्हणतो तो पसरट झालेला देठाकडचा भाग. "मग झाकण?" "तेही पानच, काका." माशी आत गेली की झाकण पटकन मिटत असणार अशी गल्लीची ठाम समजूत होती. तालमीतली दोन पोरं त्यासाठी तासभर डोळ्यांत तेल घालून बसली. झाकण हलत नाही. पावसाचं पाणी आत जाऊन रस पातळ होऊ नये म्हणून ती छत्री आहे, एवढंच. पोरं निराश होऊन फुटबॉलची मॅच बघायला शाहू स्टेडियमवर गेली. तिथं निदान काहीतरी हलतं.

खरी परीक्षा वस्तादांची. वस्ताद ऐंशीच्या घरातले, दोन्ही कान कुस्तीत मोडून गेलेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात त्यांनी उमेदीत लाल माती अंगाला लावलेली. त्यांनी खुर्ची मागवली, चष्मा पुसला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"पकड कुठाय ह्याची?"

मी म्हणालो, पकड नाही. लोट्याचा हा काठ आहे ना, गोल वळलेला, ओठासारखा, त्यावर बारीक बारीक रेघा असतात. मध तिथंच पाझरतो. काठ ओला झाला की रेघांमधून पाण्याचा पातळ थर पसरतो. किड्याच्या पायाला चिकटायला गादी असते, पण ती पाण्यावर चालत नाही. पाय निसटतो. पंचगंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवर होतं तसं.

"पडला. मग उठून येत न्हाई व्हय वर?"

आतली भिंत मेणचट असते. मेणाचे कण पायाला चिकटून सुटून येतात, म्हणजे शिडीच्या पायऱ्याच हातात येतात म्हणा. आणि तळातला रस नुसता पाण्यासारखा नसतो, त्याला तार असते. गुऱ्हाळावर काकवीच्या भांड्यात गांधीलमाशी पडलेली आपण बघतो. जेवढी धडपड, तेवढी ती गुरफटते. त्यात पुन्हा पाचक रस. नेपेन्थेसिन नावाचं त्यातलं मुख्य पाचकद्रव्य आपल्या जठरातल्या पेप्सिनच्या भाऊबंदांपैकी आहे. शिवाय किड्याचं कवच विरघळवणारं वेगळं. काही दिवसांत आतला सगळा माल झाडाच्या अंगी लागतो, आणि तळाशी पंख नि टरफलं उरतात, लग्नानंतर मांडवात पत्रावळी उरतात तशी.

वस्तादांनी बराच वेळ विचार केला. मग निकाल दिला. "ही कुस्ती न्हवं मास्तर. डाव न्हाई, पकड न्हाई. आखाड्यात तेल वतून ठेवायचं आनि समोरचा पडला की आपण जितलो म्हणायचं. ह्येला चितपट म्हणत न्हाईत."

त्यांचं मन राखायला मी बाकीच्या पैलवानांची ओळख करून दिली. अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतलं व्हीनस फ्लायट्रॅप, ते खरोखर जबडा मिटतं. "ह्येला पकड म्हणायची." दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, चिकट थेंबांनी धरतो आणि मग केसाळ बोटं हळूहळू वाकवून मिठी मारतो. "ही मगरमिठी. जुना डाव हाय." आणि युट्रिक्युलेरिया. तिच्या मुळासारख्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. फुग्याच्या दारावरच्या केसाला जलकीटक लागायचा अवकाश, दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो, दार बंद. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भागसुद्धा पुरता लागत नाही.

वस्ताद खुर्चीत ताठ झाले. "सलामी व्हायच्या आत?"

"सलामीला हात वर जायच्या आत."

"कुठं असतंय ह्ये पोरगं?"

"मसाई पठारावर. पन्हाळ्याच्या पलीकडं." वस्तादांनी तिथं जायचं त्याच क्षणी ठरवलं असावं. त्याचं पुढे सांगतो.

घटपर्णीवरचा फसवणुकीचा आरोप मात्र मला पुसून काढता आला नाही, उलट तो बळकट करणारी एक गोष्ट पुतण्याकडून कळली. तिचा काठ दिवसभर ओला नसतो. ऊन चढलं की कोरडा पडतो. त्या वेळी आलेली मुंगी कुठंही न घसरता पोटभर मध चाटते आणि सुखरूप घरी जाते. वाटतं, झाडानं चूक केली. बोर्निओतल्या घटपर्णीवर ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिला. काही घटांचे काठ त्यांनी सतत ओले ठेवले, काही निसर्गावर सोडले. २०१५ साली त्यांनी मांडलं ते असं: सुटलेली मुंगी ही टेहळणीची मुंगी असते. ती वारुळात जाऊन बातमी देते, आणि थोड्या वेळानं मोठा जथा घेऊन येते. तोवर काठ पुन्हा ओला झालेला असतो. सदा ओल्या घटांना हा घाऊक माल मिळत नाही.

हे ऐकल्यावर मला आमच्या मंडळांची आठवण आली. नव्या दुकानदाराकडं आधी एकच कार्यकर्ता जातो. गोड बोलतो, चहा पितो, वर्गणीचं नावसुद्धा काढत नाही. दुकानदार मनात म्हणतो, चांगला मुलगा आहे. संध्याकाळी पावतीपुस्तकासह बावीस जण. फरक एवढाच की आमच्याकडं जथा येतो आणि घसरतो तो दुकानदार.

आता वंशावळीचं थोडं. माझी कुंडी कुठल्यातरी परदेशी संकरातली. पण भारताची स्वतःची घटपर्णी आहे, एकच जात, मेघालयातली नेपेन्थिस खासियाना. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथं खास तिच्यासाठी राखलेलं छोटं अभयारण्य आहे, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक श्रेणीतलं बंधन आहे. केरळातल्या पालोडच्या वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं की अतिनील प्रकाशात तिच्या घटाचा काठ निळा चमकतो. आपल्याला ते दिसत नाही, किड्यांना दिसतं. म्हणजे बाईनं दुकानावर निळी पाटीसुद्धा लावली आहे. नेपेन्थिस हे नाव लिनियसनं दिलं, १७३७ साली. होमरच्या काव्यातली हेलन दारूत एक औषध कालवते आणि पिणारा सगळं दुःख विसरतो, त्या औषधाचं हे नाव. किड्याचं दुःख त्यात कायमचं जातं हे कबूल करावं लागेल.

या कुळात दीडशेहून जास्त जाती आहेत आणि काहींनी शिकारच सोडली आहे. बोर्निओच्या डोंगरातली एक जात झाकणाच्या आतल्या बाजूला गोड साय धरते. तिथली चिचुंदरीएवढी, खारीसारखी दिसणारी एक प्राणीजात ती साय चाटायला घटावर मांड ठोकून बसते, आणि बसल्या बसल्या घटातच आपला विधी उरकते. झाडाला लागणाऱ्या नत्राचा मोठा हिस्सा त्या विष्ठेतूनच येतो. दुसऱ्या एका जातीच्या घटात वटवाघूळ दिवसा झोपायला येतं आणि भाड्यापोटी तेच देऊन जातं. मी हे मोठ्या कौतुकानं सांगत होतो. वहिनींनी पदर नाकाला लावला. "म्हंजे ह्ये संडास हाय? आनि तुम्ही देवघराशेजारी ठेवलाय?" त्या दिवशी कुंडी मागच्या सोप्यात गेली.

आषाढात मला लेकीकडं नाशिकला दहा दिवस जावं लागलं. कुंडी वहिनींच्या हवाली केली. "फक्त पाणी. तेही पावसाचं साठवलेलं." वहिनी म्हणाल्या, "जावा की बिनघोर, भावजी. मी बघतो."

परत आलो तर वास गल्लीतूनच आला.

आषाढ म्हणजे आमच्याकडं त्र्यंबोलीची जत्रा. 'पी ढबाक'च्या तालावर गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर जातं, आणि घरोघरी मटण शिजतं. जत्रेचं जेवण असताना घरातला एक जीव नुसत्या पाण्यावर ठेवायचा, हे पेठेच्या संस्कारात बसत नाही. पहिल्या घटात मटणाचा फोडीएवढा तुकडा होता. दुसऱ्यात भडंग आणि दोन शेंगदाणे. तिसऱ्यात गढूळ, पांढरट काहीतरी, वर तेलाचा तवंग.

"हे काय?"

"पांढरा रस्सा. तांबडा न्हाई दिला हं. म्हटलो, पहिल्यांदाच खातंय, तिखट सोसायचं न्हाई."

चौकशीत एकेक उघडकीस आलं. मटण आप्पांचं. भडंग तालमीतल्या पोरांचं. एका घटात दूध होतं, ते वस्तादांनी घातलं होतं, कारण पैलवान कसाही असला तरी दूध पाहिजे. आणि कुंडीत मटण धुतलेलं पाणी रोज, वर ओंजळभर शेणखत. "आमचा गुलाब त्यावरच फुलतोय की," वहिनी म्हणाल्या.

मी संतापलो होतो, पण इतिहास त्यांच्या बाजूनं होता. चार्ल्स डार्विननं १८६० च्या उन्हाळ्यात ड्रॉसेरा पाहिला आणि त्याच्या नादानं तो पंधरा वर्षं खुळावला. भाजलेलं मांस, कच्चं मांस, अंड्यातला पांढरा, दूध, चीज, जे स्वयंपाकघरात सापडेल ते त्यानं त्या इवल्या पानांवर ठेवून पाहिलं. १८७५ साली त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा मित्र हूकर घटपर्णीच्या घटात असेच पदार्थ घालून बसला होता. पुढे डार्विनच्या मुलानं, फ्रान्सिसनं, दाखवलं की खाऊ घातलेल्या ड्रॉसेराला उपाशी झाडापेक्षा जास्त बिया धरतात. म्हणजे वहिनींनी जे केलं ते विज्ञानच होतं. फक्त डार्विन कणभर घालायचा आणि टिपून ठेवायचा. आमच्या पेठेत कणभर वाढणं हा पाव्हण्याचा अपमान.

घटाचं पोट माशीच्या मापाचं. मटणाचा तुकडा पचण्याआधी कुजतो. चारही घट काळे पडून गळले. त्याचं मला फार वाटलं नाही, घट तसेही काही महिन्यांचे सोबती. वाईट वाटलं ते पुढे. झाड छान वाढू लागलं. नवी पानं आली, हिरवीगार, तळव्याएवढी रुंद. टोकाला तंतूही आला. पण घट नाही. एक पान, दुसरं, तिसरं. तंतू नुसताच वाकडा होऊन थांबायचा, हातात काठी नसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

पुतण्यानं कुंडीतली माती चिमटीत घेऊन हुंगली आणि हसत सुटला. "काका, हिला शिकारीची गरजच नाही ठेवली तुम्ही."

तेव्हा मला ते नीट कळलं. इतके दिवस मी समजत होतो की घटपर्णी माश्यांवर जगते. तसं नाही. तिची भाजीभाकरी इतर झाडांसारखीच, उन्हावर शिजलेली. हिरवं पान आहे तोवर पोट भरतं. माशीतून तिला पाहिजे असतं ते नत्र आणि स्फुरद, कारण ती जिथली, त्या जमिनीत ते जवळजवळ नसतं. माशी हे जेवण नव्हे, खुराक आहे. आणि खुराक जर आयताच मुळाशी येऊन पडत असेल, तर लोटे घडवा, मध पाझरवा, मेण लावा, पाचकरस आटवा, एवढा कुटाणा करतंय कोण? घट बांधायला झाडाला खर्च येतो. त्या पानातून ऊनही धड खाता येत नाही. सुबत्ता आली की तो कारखाना पहिला बंद.

वस्तादांना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "तालमीत बघितलंय की आम्ही. एका पोराला घरातनं तूप-बदाम डब्यानं याय लागलं. तिसऱ्या महिन्यात जोर मारायचा बंद झालं ते. अंग मात्र लई गुटगुटीत."

पुतण्यानं झाड उपसलं, मुळं धुतली, नारळाचा भुसा आणि शेवाळ घालून नव्या कुंडीत लावलं. जागा मोरीच्या खिडकीत, दमटपणासाठी. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'झाडाला खाऊ घालू नये', आणि खिळ्याला अडकवलं. वहिनींना ते लागलं. चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "आमच्या दारातनं आजवर कोण उपाशी गेलं न्हाई, भावजी."

अनंत चतुर्दशी झाली, गल्लीतले आवाज खाली बसले, आणि आम्ही मसाई पठारावर गेलो. वस्ताद, आप्पा, पुतण्या आणि मी. पन्हाळा ओलांडला की थोड्या वेळात रस्ता पठारावर येतो. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून रातोरात विशाळगडाकडं निघाले ते याच वाटेनं. आजही आषाढात पोरं त्या वाटेनं पायी जातात. वस्तादांनी पठाराला लागताच पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

खाली पंचगंगेच्या काठी काळी माती, ऊस पुरुषभर उंच. इथं वर नुसता जांभा. वीतभर माती असली तर नशीब, तीही पावसानं धुऊन निघालेली. पाणी साठतं, पाझरतं, पण त्यात सत्त्व नाही. उसाला इथं आणून लावा, तो आठ दिवसांत परत जायचं तिकीट काढेल. अशा जागी निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरलेला. "सीतेची आसवं," आप्पा म्हणाले. तेवढं त्यांना माहीत होतं. पुतण्यानं एक रोप हळूच मातीसकट भिंगाखाली धरलं. "हेच ते युट्रिक्युलेरिया. फुगे मातीत असतात." आप्पांनी भिंगातून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. सीतामाईच्या आसवांचं नाव घेऊन खाली हे धंदे चालत असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. वस्ताद मात्र ओणवे होऊन त्या फुग्यांकडं बघत राहिले, सलामी व्हायच्या आत चितपट करणाऱ्याकडं बघावं तसे.

वाटेत पुतण्यानं विशाळगडाच्या दिशेला हात करून आणखी एक सांगितलं. कंदीलपुष्पाची एक नवी जात तिथं सापडली, कोल्हापूरच्या अभ्यासकांनी २०२३ साली ती जगापुढं मांडली, आणि नाव ठेवलं सेरोपेजिया शिवरायियाना. कंदीलपुष्प माशी खात नाही. वासानं बोलावून फुलाच्या नळीत उतरवतं. आतले केस खालच्या दिशेनं वळलेले, त्यामुळं उलट चढता येत नाही. फुलाचा वेळ संपला की केस मरगळतात, आणि माशी अंगावर पराग घेऊन बाहेर पडते.

"म्हंजे नजरकैद," आप्पा म्हणाले.

"महाराजांचं नाव लावलंय," वस्ताद म्हणाले. "जीव घ्यायचं न्हाई ते. सोडणारच की."

मग ड्रॉसेरा सापडला. बोटभर उंचीचं लालसर रोप, अंगभर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. ऊन तिरपं पडलं होतं आणि ते थेंब असे चमकत होते की दव वाळायचं राहून गेलंय असं वाटावं. एका पानावर चिलट अडकलं होतं, एक पाय अजून हलत होता. आजूबाजूचे केस त्याच्याकडं वळायला लागले होते, इतके सावकाश की बघताना कळत नव्हतं, डोळे मिटून उघडले की कळत होतं. वस्ताद गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, मग ऐंशी वर्षांचा तो माणूस जांभ्यावर पालथा पडला. दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

"केवढंसं पोट ह्याचं," ते शेवटी म्हणाले. "आनि एवढ्याशा चिलटावर दिवस काढतंय."

आप्पांचा हात पिशवीत गेला होता. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि भडंगाचा वास.